बाळारामशेटचा दमलेला लॅपटॉप

आमच्या सोसायटीतली मांजरं एका लॅपटॉपच्या मागे लागतात. बुधवारी सकाळी बाळारामशेट लॅपटॉपची पिशवी घेऊन जिना उतरले, की पार्किंगमधली मांजरं शेपट्या ताठ करून त्यांना स्कूटरपर्यंत सोडायला जातात. कारण अगदी साधं आहे. स्कूटरच्या ज्या हुकाला लॅपटॉप अडकतो, त्याच हुकाला वाटेत बाजारातून घेतलेला जिताडा मासाही अडकतो, आणि एवढ्या वर्षांत दोघांचा वास एकच झालाय. नवीन पनवेलच्या एका सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने लॅपटॉप एकदा उघडला आणि नाक मुरडून विचारलं, "सर, ह्यात काही सांडलंय का?"

"सांडलं नाय," शेट म्हणाले, "मुरलंय."

बाळारामशेट आमचे अध्यक्ष आणि मी सचिव. आमची सुकापूरची इमारत त्यांच्या शेतावर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट मिळाले, भाडी येतात, मनात आणलं तर ते रोज नवा लॅपटॉप वापरून टाकू शकतात. पण शेत अजून त्यांच्या डोळ्यांपुढून हललेलं नाही. मी गाडी लावत असले की वरून आवाज येतो, "ताई, जरा मागं घ्या. वालात घातलीत." म्हणजे माझं चाक पिवळ्या पट्ट्याबाहेर गेलेलं असतं.

दोन्ही मुलगे खारघरला मोठ्या टॉवरमध्ये राहतात. नातवंडं सांभाळायला शेटची बायको, आमच्या काकीही, तिकडेच असतात. शेट मात्र हलत नाहीत. "तिकडं खिडकीतून काय बघू? दुसऱ्याची खिडकी?" हा त्यांचा सवाल. थोरल्याने वाढदिवसाला चकचकीत नवा लॅपटॉप पाठवला. तो प्लॅस्टिकसकट कपाटात आहे.

"वापरत का नाही?" मी एकदा विचारलं.

"त्याला काय झालंय?"

"काहीच नाही. म्हणून तर वापरायचा."

"मग त्याच्याकडं बघायचं तरी काय?"

जुन्याकडे मात्र बघण्यासारखं भरपूर आहे. त्याचा पडदा मान टाकतो, म्हणून मागे लोणच्याची बरणी टेकू म्हणून लावतात. चार्जरची पिन एका ठरावीक कोनात धरावी लागते, म्हणून तिला कपड्यांचा चिमटा. एंटरचं बटण कधीच पडलंय. त्या भोकात आगपेटीची काडी खुपसून काम चालतं. ती काडी शेटच्या कानामागे असते, सुताराच्या पेन्सिलीसारखी. पंखा सुरू झाला की भातगिरणी आठवते. आणि मधेच सगळं काळं होऊन तो बंद पडला, की मी चिडते, पण शेट त्याच्या पाठीवर पालथा हात ठेवून ताप बघतात आणि हळूच म्हणतात, "दमलाय तो."

हे त्यांचं आवडतं वाक्य. लिफ्ट अडकली, दमली. पाण्याचा पंप बसला, दमला. मी कामं लिहून काढणारी आणि एकेक खोडत जाणारी बाई. मला कुठलीही वस्तू दमलेली चालत नाही. ती एकतर चालू हवी, नाहीतर भंगारात.

दर बुधवारी लॅपटॉप कादरभाईंकडे जायचा. जुन्या पनवेलात कादरभाईंचं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. आता दुकान बंद आहे. गुडघे गेले, बायको गेली, मुलगा आखातात. ते घरीच असतात. शेट जिताडा त्यांच्या सुनेच्या हातात देणार, लॅपटॉप कादरभाईंच्या पुढ्यात ठेवणार, दुपारी जेवून बरा झालेला लॅपटॉप घेऊन परत. गुरुवार, शुक्रवार तो टुणटुणीत. रविवारी कण्हायला लागतो. सोमवारी आडवा.

"तुमच्या कादरभाईंना जमत नाहीये," मी एकदा स्पष्ट म्हटलं.

शेट रागावलेले मी तेव्हाच काय ते पाहिले. "त्याच्यासारखा हात अख्ख्या पनवेलात नाय. परत बोलू नका."

मी नाही बोलले. पण यंदा सर्वसाधारण सभा आली तोंडावर. अध्यक्षांचा अहवाल अध्यक्षच टाइप करणार हा शेटचा हट्ट, आणि तो अहवाल त्या लॅपटॉपच्या पोटात. सोमवारी सकाळी मी छापायला मागायला गेले तर शेट शांतपणे चहा पीत होते.

"पडलाय."

"सभेला लोक काय वाचणार?"

"बुदवारी जातोय ना मी."

बुधवारपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. शेट किल्ली माझ्याकडे ठेवून बँकेत गेल्यावर मी त्यांच्याच टेबलाशी बसले. लॅपटॉप उलटा केला, मोबाईलवर एक व्हिडिओ लावला आणि स्क्रू काढले. आत काय होतं? पंख्यात एवढा कापूस की एक उशी झाली असती. आणि मेमरीची चिप, जी खाचेत घट्ट बसायला हवी, ती एका बाजूने वर आलेली. मी पंखा ब्रशने साफ केला, चिपची पितळी कड खोडरबरने घासली, खाचेत दाबली. टक् असा आवाज आला. बटण दाबलं आणि लॅपटॉप असा उठला की जणू कधी आजारी नव्हताच. पंखाही कुजबुजतच होता. मी अहवाल पेन ड्राइव्हवर घेतला आणि शेट आल्यावर विजयी मुद्रेने त्यांना दाखवला.

"बघा. आता महिनोन्महिने काही होत नाही."

शेटनी पाठीवर हात ठेवला. गार होती. "बरा झाला?" त्यांनी अशा आवाजात विचारलं की मला वाटलं, मी काहीतरी फोडलंय.

बुधवारी भाजी आणायला निघाले तर शेट खाली बाकावर बसलेले. धुतलेला सदरा, मांडीवर हेल्मेट, बाजूला पिशवी. मांजरं वाट बघून झोपलेली.

"गेला नाहीत?"

"जाऊन करू काय? तुमी बरा केलाव त्याला."

"मग नुसतं भेटायला जा की. मित्र आहे तुमचा."

"नुसतं?" त्यांना ती कल्पनाच विचित्र वाटली. मग हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत म्हणाले, "ताई, आमी कदी नुसतं बसलो नाय. त्याच्या दुकानात मी काय तरी बिघडलेलं घेऊन जायचो, तो उघडायचा, आमी बोलायचो. भाभी गेल्यावर त्यानं बोलनंच सोडलं. चार येळा गेलो, भिंतीकडं बघत बसला. पाचव्या येळी हा बंद पडला व्हता, म्हनून नेला. त्यानं चष्मा लावला, आत बघितलं आन मना सनसनीत शिवी घातली." शेटचे डोळे चमकले. "तवा म्हनलं, वाचला."

"आणि तेव्हापासून..."

"सोमवारी एक इस्क्रू काढतो, चिपेला जरा बोट लावतो. जास्त नाय. त्याला झेपंल एवढंच."

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला (माझ्या पर्समध्ये असतो), तिथेच बाकावर मागचं झाकण उघडलं आणि ती चिप एका बाजूने वर केली. शेट बघतच राहिले.

"अजून थोडी," ते म्हणाले. "अशी नाय, तो वळकंल."

"चला. मीही येते. मीच करून ठेवलंय, निस्तरायला हवं."

बाजारात जिताडा घेतला. कादरभाई लुंगी-सदऱ्यात खिडकीशी बसले होते. उशीर झाला म्हणून कपाळाला आठ्या. लॅपटॉप हातात घेतला, झाकण काढलं आणि ओरडले, "या अल्ला! बाळाराम, पंखा कुनी धुतला? हजामत केलीस काय ह्याची?"

"ताईंनी."

"बाईमानूस साफसफाई करनारच. तू काय करत होतास, नालायका? ताप बघत होतास?"

शेट खुशीत हसले आणि मासा साफ करताना सुनेला सूचना द्यायला आत गेले. ते दिसेनासे होताच कादरभाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, एक सांगू? परत हात लावू नका ह्याला."

"चुकलं का काही?"

"लई चांगला केलात, तेच चुकलं. मी पंखा साफ करत नाय, चिप कदी पुरी बसवत नाय. अर्धी ठेवतो. पुरी बसवली तं हा मानूस यायचा कशाला?" त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. "पोरं तिकडं. ह्याची बायको बी तिकडं. येकटा डाळभात शिजवून खातो, मना म्हाईत नाय काय? हिकडं आला की पोटभर जेवतो तरी. त्याला बोलू नका. मानी हाय, येनं बंद करंल."

मी मान हलवली. त्यांनी चिप खाचेत सरकवली, अर्धीच, आणि स्क्रू लावायला घेतले. हात थरथरत होते, त्यामुळे बराच वेळ लागला. त्यांना घाई नव्हती.

जेवताना दोघं जिताड्याच्या डोक्यावरून भांडले. शेवटी ते माझ्या ताटात आलं.

निघताना शेटनी पिशवी हुकाला अडकवली आणि मला बाजूला घेतलं. "मी आत असताना काय म्हनला हो तो?"

"म्हणाले, जुनं दुखणं आहे. एकदम बरं होणारं नाही. येत राहावं लागेल."

"ऱ्हाऊ की," शेट म्हणाले आणि पिशवीवरून हात फिरवला. मग वर खिडकीत उभ्या असलेल्या कादरभाईंकडे बघून, मला ऐकू जाईल न जाईल असं बोलले, "दमलाय तो."