वामनभाऊंचा धावदोरा

वामनभाऊ आधी माणसाचे बूट बघायचे, मग तोंड. आमच्या धुळ्याच्या गल्लीत कुणाचा नवा जावई आला, की हे त्याच्या पायाशी उकिडवे बसणार, नाडी ओवायच्या भोकातली रिंग नखाने खरवडणार आणि विचारणार, "पितळनी शे का?" जावई सासऱ्याकडे बघायचा आणि सासरा आमच्याकडे. माझ्या बुटांच्या सगळ्या रिंगा त्यांनी काढून नेल्या, तेव्हापासून मी ऑफिसात चपलाच घालतो.

पोटापाण्यासाठी भाऊ शेतीपंपांचे स्टार्टर आणि रेडिओ दुरुस्त करायचे. वेड मात्र घरच्या घरी सर्किटच्या पट्ट्या बनवायचं. तांब्याचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर रंगाने रेघा ओढायच्या आणि उघडं तांबं औषधाच्या पाण्यात विरघळवायचं. ते औषध एकदा त्यांनी अक्काच्या पितळी परातीत ओतलं. पट्टी झकास निघाली, परातीला भोक पडलं.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर लग्न न केलेल्या या भावाकडे येऊन राहिली. पुढे तिला ऐकू येईनासं झालं. मग "अक्का, जेवनी का?" हे विचारायलाही भाऊंना मानेच्या शिरा ताणाव्या लागत. अक्काला आवाज पोचायचा नाही, दिसायचा तो फक्त लालबुंद चेहरा. "वामन आते रोज मन्हावर चिडस," असं ती माझ्या बायकोला सांगायची. शेवटी तिने ठरवलं, हातातली गोधडी शिवून झाली की फैजपूरला लेकीकडे जायचं, ते कायमचंच.

दवाखान्यातून छातीवर अडकवायचं, ऐकू येण्याचं यंत्र आणलं, तर अक्का म्हणाली, "गयामा घंटी बांधाले मी काय गाय शे?" तेव्हा पदराखाली पिनेने टाचता येईल असं काडेपेटीएवढं यंत्र करायचं भाऊंनी मनावर घेतलं. इतक्या लहान जागेत सगळं बसवायचं तर पट्टीच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या रेघा हव्यात. आणि वरची रेघ खालच्या रेघेला जोडायची कशी? कारखान्यात भोकाच्या आतूनच तांबं चढवतात, पण एका पट्टीसाठी कोण चढवून देणार! बुटाची रिंग घातली, ती अर्धी पट्टी खाऊन बसली. सुईचे तुकडे घातले, त्यांना कथलाचा डाग धरेना. जळलेल्या मोटरची तार घातली आणि तिच्यावरचं वीज अडवणारं वार्निश खरवडायचं विसरले. यंत्र अक्काहून बहिरं निघालं.

"सोडा आता, भाऊ," मी म्हणालो.

"व्हई! कसं नही व्हई?"

इकडे गोधडी भराभर पुढे सरकत होती. भाऊ तिच्याकडे असे बघायचे, जणू तीच त्यांच्या मुळावर उठली आहे. एका दुपारी मात्र ते गोधडीकडे न बघता अक्काच्या हाताकडे बघत राहिले. सुई वरून खाली, खालून वर. ताडकन उठले, मोटरची तार लख्ख खरवडली आणि पट्टीच्या सगळ्या भोकांतून एकाच तारेचा धावदोरा घातला. दोन्ही अंगांनी डाग दिले आणि मग टाक्यांच्या मधली तार कापून टाकली. वरची रेघ खालच्या रेघेला जोडली गेली, भोकामागून भोक.

यंत्र तयार झालं त्या दिवशी अक्काचं गाठोडं दाराशी होतं. भाऊंनी तिच्या पदराखाली डबी टाचली, कानात बोंडी बसवली, आणि एरवी गल्ली दणाणून सोडणारा हा माणूस बोंडीची तारच सरळ करत बसला. मीच त्यांना कोपराने ढोसलं.

"अक्का," ते अगदी हळू म्हणाले, "जावू नको ना. तुन्हा बिगर माले करमत नही."

हेच वाक्य ते महिनाभर ओरडून सांगत होते. आमच्या अख्ख्या गल्लीला ते पाठ झालं होतं.

अक्का भावाच्या तोंडाकडे बघत गाठोड्यावरच बसली. "मंग इतला दिन चिडे कसाले रे?" तिने विचारलं.