आधी मी, दोन तासांनी तुमी

गेल्या गणपतीत सोसायटीच्या बाप्पाला नैवेद्य दाखवायच्या आधी आमच्या वरच्या मजल्यावरच्या नागनाथअण्णांनी ताटातला मोदक उचलून तोंडात टाकला. आरतीला उभ्या असलेल्या अख्ख्या सोसायटीच्या देखत!

"अण्णा! देवाच्या आधी?" मी ओरडलेच. तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलाय, गप्प बसणं मला जमत नाही.

अण्णांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "आधी मी, दोन तासांनी तुमी. देवाला काय झालं तर कोन निस्तरनार, बाई?"

हा माणूस चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होता. लग्नात गेला की थेट आचाऱ्यांच्या मांडवात घुसतो, प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर खातो आणि घड्याळ लावून बसतो. मोडनिंबच्या एका लग्नात तर पंगत वाढलेली असताना हे मधे उभे राहिले, "थांबा जरा, अजून चाळीस मिनिटं हायती!" नवरीच्या मामाने यांना दंडाला धरून बाहेर काढलं. त्यात हे उपास करत नाहीत. एकादशी नाही, महाशिवरात्र नाही, नवरात्र तर नाहीच. हावरट आणि नास्तिक, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि इतकी वर्षं आचारी असून या माणसाने कधी कुणाला वाटीभर आमटी पाठवली नाही. नात पुण्याहून आली की तिलासुद्धा हॉटेलात न्यायचे. हॉटेलात मात्र दोन तास थांबू देत नाहीत, म्हणून हे स्वतः न जेवता तिच्या तोंडाकडे बघत बसायचे.

परवा संकष्टी होती. दुपारी तीनला अण्णा माझ्या दारात. चेहरा पांढराफटक.

"बाई, वर या. एकट्यानं जमायचं न्हाय."

मला वाटलं, कुणीतरी पडलं. धावत गेले, तर ओट्यावर एक खोका आणि त्यात बशीएवढ्या चार तपकिरी छत्र्या!

"पोर्टोबेलो म्हनं," अण्णा खोक्यापासून दोन हात लांब उभे होते. "ईश्वरीनं मागवून दिल्यात. सहा वाजता येतीया. फोनवर म्हनली, आजोबा, आत्तापातूर तुमच्या हातचं कायबी खाल्लं न्हाय, या टायमाला हेच करायचं. मी व्हय म्हनून बसलो. कुत्र्याच्या छत्र्या हायत की ओ या!"

"मशरूम आहेत, अण्णा. लोक खातात."

"खाऊन जगत्यात का, ते सांगा."

नातीने कृती मोबाइलवर पाठवली होती. ती मी वाचायची आणि यांनी करायचं, असं ठरलं. पहिल्याच ओळीला भांडण. मशरूम पाण्यात धुऊ नयेत, ओल्या फडक्याने पुसावेत. "न धुता? बाई, नीट वाचा!" दोनदा वाचलं, तरी हा बाबा तीन पाण्यांनी धुऊन मोकळा. देठ काढून उलटे केले, तर खालच्या झालरी काळपट. अण्णा मागे सरकले. "आधीच बिघडलंय." म्हटलं, ते तसंच असतं. मुरवायला व्हिनेगर लिहिलं होतं. "व्हिनेगर म्हंजे आंबलेलं. आंबलेलं म्हंजे नासलेलं. आपन लिंबू पिळू." शेंगदाण्याचं तेल, ठेचलेला लसूण, लिंबू, मीठ आणि आपलं काळं तिखट असा लेप झाला. तासभर फ्रिजमध्ये मुरत ठेवायचं होतं. तो तासभर अण्णा फ्रिजसमोर स्टूल टाकून बसले. मधे पाच मिनिटं लाईट गेली, तेव्हा दोन्ही हातांनी फ्रिजचं दार दाबून धरलं होतं.

हसू येत होतं मला. पण मग भिंतीकडे लक्ष गेलं. डॉक्टरांचा नंबर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलेला. खिडकीतून खाली बघितलं, तर रिक्षा उभी.

"ती कशाला?"

"सांगून ठिवलीया. आठपातूर थांबनार हाय."

खरं सांगते, तिथून मलाही भीती वाटायला लागली. तव्यावर मशरूम टाकले तसं त्यांना पाणी सुटलं. "पानी सुटलं, बाई!" अण्णा किंचाळले आणि मीही दचकून मागे झाले. तसा वास मात्र असा सुटला होता, की मला संकष्टीचा उपास आहे, हेच विसरायला झालं.

साडेपाचला अण्णांनी एक तुकडा खाल्ला. हसले नाहीत, चवीचं काही बोलले नाहीत. आरशात जीभ बघितली, पोट दाबलं, खुर्चीत बसले आणि घड्याळ समोर धरलं.

"अण्णा, ईश्वरी सहाला येणार. साडेसातपर्यंत पोरीला उपाशी ठेवणार का? कसला हा वेडेपणा!"

अण्णा घड्याळाकडे बघतच बोलले. "खंडेनवमी हुती. कारखान्यात मशीनची पूजा, मग कामगारांना जेवान. बासुंदी मी केलेली. माजं नऊ दिवसांचं उपास, म्हनून चाखली न्हाय. जिभंच्या शेंड्याला लावली असती तरी कळलं असतं. नासली हुती."

मी फ्रिजसमोरचं स्टूल ओढून बसले.

"आमची मंडळी तितंच पुऱ्या लाटायची. सकाळपास्नं उभी हुती. मीच म्हनलं, तू आधी बस." त्यांनी घड्याळाची काच अंगठ्याने पुसली. "दोन तासांत वांत्या सुरू झाल्या. पन्नास मानसं दवाखान्यात गेली. सगळी घरी आली. ती न्हाय आली."

भिंतीवरच्या त्यांच्या बायकोच्या फोटोला रोज ताजा हार असतो, हे मी कितीतरी वेळा बघितलं होतं. त्या बाई कशाने गेल्या, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली मला माझी. मोदकावरून किती बोलले होते मी या माणसाला!

तेवढ्यात बेल वाजली. ईश्वरी आली ती पाठीवरच्या सॅकसकट स्वयंपाकघरातच. "आजोबा, केलंत? खरंच केलंत?" आणि तव्याकडे हात.

अण्णांनी तिचं मनगट पकडलं. "थांब!" आवाज चिरकला त्यांचा. "साडेसातपातूर थांब, बाळा."

पोरीचा चेहरा उतरला. "आजही हॉटेलातच जायचं का?"

अण्णांनी घड्याळाकडे बघितलं. तिचं मनगट मात्र सोडलं नाही.

मी तव्यातला मोठ्यातला मोठा तुकडा उचलला आणि खाल्ला. लसूण, लिंबू, काळं तिखट. फार सुरेख झालं होतं, आणि गिळताना माझ्या छातीत धडधडत होतं, तेही सांगते.

"बाई! तुमचा उपास!"

"मोडला. चाखलंय मी, अण्णा. चांगलं आहे. द्या पोरीला."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी एक तुकडा मोडला, फुंकर घातली आणि स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घातला. ईश्वरीने डोळे मिटून घेतले. "आजोबा, अजून!"

ती एका हाताने खात राहिली. दुसरा हात अण्णांनी धरूनच ठेवला होता. तिला वाटलं, आजोबा लाड करतायत. मला समोरून दिसत होतं, त्यांची दोन बोटं तिच्या नाडीवर होती. साडेसातपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही.