रघुनाथरावांची सल्लागारपदी निवड

इंदापूरच्या युनूसभाईंचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि त्याला उत्तर गेलेलं नव्हतं. रघुनाथराव विसरले होते असं नव्हे. पत्रात एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांना येत नव्हतं.

युनूसभाई जन्मभर कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत आले. त्यामुळे हालहवाल फोनवर आणि महत्त्वाची गोष्ट कागदावर, असा त्यांचा दंडक. त्यांनी लिहिलं होतं : ‘रस्त्यात आमची जागा गेली. पैसे खात्यावर आले. माझं आणि वहिदाचं म्हातारपण एवढ्यावरच काढायचं आहे. कुठं ठेवू? दारात रोज नवा माणूस सल्ला द्यायला येतो. पण तुम्ही आयुष्य वाचनालयात काढलंत. तुम्ही सांगाल तिथं मी डोळे झाकून ठेवणार.’

या शेवटच्या वाक्यानं रघुनाथरावांचे डोळे उघडे राहू लागले. बारामतीच्या वाचनालयात ग्रंथपालाची खुर्ची अर्थशास्त्राच्या कपाटाला टेकून होती, हे खरं. पण त्या कपाटाचा त्यांना झालेला लाभ म्हणजे पाठीला आधार, एवढाच.

मध्यंतरी फोन आला. “काय रघुनाथराव, पत्र पोचलं का न्हाय?”

“पोचलं.”

“मग?”

“वाचतोय अजून.”

“दीड पान तर हाय की ते!”

शेवटी पद्माबाईंनी नवऱ्याचं तोंड बघून निकाल दिला. “येत नाही तर शिकून या. जळोचीला क्लास निघालाय. निवृत्त माणसांना सल्लागार करून देतात.”

‘ज्येष्ठ पुनर्घडण केंद्रा’चे मुख्य प्रशिक्षक केयूर सर दिवाळीपर्यंत व्यायामशाळेत वजनं उचलायला शिकवत. आता ते आत्मविश्वास उचलायला शिकवत. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं : ‘मला माहीत नाही’. मग त्यावर मोठी फुली मारली.

“हे वाक्य आजपासून बंद. ग्राहकानं काहीही विचारलं तरी म्हणायचं, गुंतवणुकीकडे दीर्घ मुदतीनं बघावं.”

रघुनाथरावांनी भीतभीत हात वर केला. “दीर्घ म्हणजे किती?”

“ग्राहक विचारायचा थांबेपर्यंत.”

वर्गानं हे लिहून घेतलं.

प्रवेशाच्या वेळी ओळखपत्रासाठी म्हणून फोटो काढला होता. दुसऱ्या दिवशी तो चौकात लागला. ‘रघुनाथराव यांची आर्थिक सल्लागारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग होती. त्यातला एकही रघुनाथरावांच्या ओळखीचा नव्हता. पण फ्लेक्स लागला म्हणजे निवड झाली, ही आपल्याकडची रीत. पाणीपट्टी भरायला गेले तर कारकून उठून उभा राहिला. दाढी करायला गेले तर न्हाव्यानं वस्तरा गळ्याशी ठेवून विचारलं, “बाजार वर जाईल का हो, आबा?”

एवढं झाल्यावर परीक्षा झाली. रघुनाथरावांनी प्रत्येक प्रश्नाखाली प्रामाणिकपणे लिहिलं, ‘याविषयी अधिक वाचावे लागेल.’ त्यांना भोपळा मिळाला. केंद्राची तातडीची बैठक बसली. फ्लेक्स उतरवावा तर केंद्राची नाचक्की, आणि तो महिन्याभराच्या भाड्यानं लावलेला. सबब ठराव झाला : ‘उमेदवाराची निवड परीक्षेपूर्वीच चौकात जाहीर झालेली असल्याने परीक्षा ही केवळ औपचारिकता होती व ती उमेदवाराने वेळेवर उपस्थित राहून पूर्ण केली आहे.’ रघुनाथराव विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले.

अडचण पुढेच होती. प्रमाणपत्र हवं तर प्रत्येकानं एकेक ‘आपला माणूस’ ग्राहक म्हणून आणायचा होता. पण केंद्रानं इतक्या झपाट्यानं सल्लागार घडवले होते की जळोचीत ग्राहक शिल्लकच राहिला नव्हता. सकाळी चहाच्या टपरीवर सल्लागार सल्लागारांना सल्ले देत आणि चहाचे पैसे दीर्घ मुदतीवर ठेवत. काटेवाडीला तुकडी पाठवली, तर तिथली तुकडी वाटेतच भेटली. एकानं थेट मोरगाव गाठून शेळ्या वळणाऱ्या भिमाला धरलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून स्वतःचं कार्ड काढून दिलं.

अशा दुष्काळात युनूसभाईंच्या पत्राची गोष्ट केयूर सरांच्या कानावर गेली.

“ग्राहक स्वतः विचारतोय? लेखी?” सर खुर्चीतून अर्धे उठले. “आजोबा, लगेच कळवा. सगळी रक्कम आपल्या ‘अक्षय सावली’ योजनेत.”

“या योजनेतले पैसे कुठे जातात?”

“नवे सल्लागार घडवायला.”

“आणि ते काय करतात?”

“योजनेसाठी माणसं आणतात.”

“आणि माणसं संपली तर?”

सर नुसते हसले. “तुम्ही फार पुस्तकं वाचलीत. उद्यापर्यंत लिहा. नाहीतर केंद्रातला एक मुलगा तुमचा फ्लेक्सवरचा फोटो घेऊन इंदापूरला जाईल आणि सांगेल, रघुनाथरावांनी पाठवलं. त्यांना कुणाचा तरी शब्दच हवाय ना?”

रघुनाथराव घरी आले. एवढ्या दिवसांत जमलं नाही ते उत्तर एका बैठकीत लिहून झालं : ‘युनूसभाई, मला माहीत नाही. शिकायला गेलो, तिथंही कुणाला माहीत नाही. ते फक्त तसं म्हणत नाहीत. पैसे आहेत त्या बँकेतच राहू द्या. मी येतो, दोघं मिळून वाचू, विचारू, वेळ लागेल. माझं नाव सांगत कुणी आला तर त्याला चहा द्या. सही देऊ नका.’

पोस्टात रांग होती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट घेतलं, पत्ता वाचला आणि वर बघून एकदम पदर सावरला. “तुम्ही चौकातले ना? मग मला सांगा, माझी ठेव सुटतेय. काय करू?”

“मला माहीत नाही,” रघुनाथराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते इतक्या ठामपणे काही बोलले होते.

रांगेतल्या माना वळल्या. मग मागचा एक टोपीवाला म्हणाला, “बघा! बाकीचे नुसते सांगत सुटत्यात. ज्याला खरं कळतं त्यो असाच गप ऱ्हातो. आबा, आमचं बी तुमीच बघा.”

“अहो, मला खरंच काही कळत नाही. फक्त त्या ‘अक्षय सावली’त पैसे टाकू नका, एवढंच सांगतो.”

“व्हय, व्हय,” टोपीवाल्यानं डोळा मारला, “जागा कमी असंल.”

यावर हसू नका. त्याच रांगेत तुमच्यासारखा एक वाचणारा गृहस्थही होता. या सगळ्या लोकांची त्याला मनापासून कीव आली. त्यानं चष्मा पुसला, पुढे झुकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, “ते ‘अक्षय सावली’वाले... टक्के किती देतात म्हणालात?”

टक्का ऐकायला बाईंचा शिक्का हवेतच थांबला. रघुनाथरावांनी खिडकीतून हात घालून तो त्यांच्या हातून काढून घेतला, पाकिटावर स्वतः मारला आणि पत्र इंदापूरच्या पिशवीत टाकलं.