गैरहजर म्हणजे प्यायलेली

बायको गेल्याचं मला दवाखान्यात सकाळी अकरा वाजता कळलं. न्यायालयाला ते नऊ महिन्यांनी कळलं. मृत्यूचा दाखला मी तिसऱ्याच दिवशी दिला होता. आवक खिडकीपासून फाईलपर्यंत पोहोचायला त्याला तेवढा वेळ लागला. मग न्यायालयाने गंभीर दखल घेतली. मेल्याची नव्हे, गैरहजेरीची.

आम्ही दोघंही प्यायचो. सहा वर्षांची मुलगी शाळेतून येऊन आम्हाला उठवायची. तिला बालगृहात ठेवलं ते योग्यच झालं. हुकूम असा होता : दोन्ही पालकांनी दर सोमवारी लघवीची चाचणी द्यावी, सहा महिने दोघांचे अहवाल स्वच्छ आले की मुलगी परत. पहिल्या सोमवारच्या आधीच बायको लिव्हरने गेली. त्या दिवसापासून मी थेंब घेतलेला नाही. माझे एकोणचाळीस अहवाल स्वच्छ आहेत.

"तुमचं छान चाललंय," कारकून फाईल चाळत म्हणाला. "वहिनींचं मात्र काही खरं नाही."

"अहो, ती वारली."

"ते आहे फाईलला. पण नियम अकरा बघा. चाचणीला गैरहजर, म्हणजे प्यायलेला. एकोणचाळीस वेळा. मी म्हणत नाही हो, नियम म्हणतो."

"मग तिचं नाव काढा."

"काढू की. पक्षकाराची संमती लागेल. त्यांनी समक्ष येऊन सही करायची."

घर बघायला अधिकारी बाई आल्या. कपाटात बायकोचे कपडे होते. मला ते काढवले नाहीत. बाईंनी लिहिलं : 'पत्नीचा घरात वावर नाकारता येत नाही. बालकास धोका.'

त्या रविवारी भेटीला गेलो. अधीक्षिका शेजारी बसून होत्या. मुलगी म्हणाली, "बाबा, आईला सांग ना, आता सोड म्हणावं. सगळे म्हणतात, तिच्यामुळे अडलंय."

मी अधीक्षिकांकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "आई गेल्याचं सांगायचं नाही हं. क्लेशकारक माहितीला समितीची परवानगी लागते." आई अजून पिते हे सांगायला लागत नसावी.

शेवटी न्यायाधीशांनी मोठं मन दाखवलं. मयत पत्नीने मृत्यूनंतर मद्यप्राशन केलेलं नाही, असं दोन प्रतिष्ठित व्यक्तींनी लिहून द्यावं. मुलगी लगेच ताब्यात मिळेल.

मी इमारतीत दारोदार फिरलो. आमच्याविरुद्धच्या तक्रारीवर याच दारांमधून एका दुपारीत सतरा सह्या झाल्या होत्या. शेजारचे मास्तर म्हणाले, "सहीचं काही नाही रे, पण उद्या काही निघालं तर?" वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "गेल्यापासून आमची तिची भेट नाही. छातीठोक कसं सांगायचं?"

तुम्हाला मात्र आता सगळं माहीत आहे. निवांत बसून वाचताय, म्हणजे प्रतिष्ठितही असाल. माझी बायको पीत नाही याविषयी तुम्हाला शंका नसावी. कागद तयार आहे. दोन सह्या लागतात. दोन्ही राहिल्या आहेत.