जपानीची कडी

आमच्या जळगावात भरताचं वांगं लोक हातात घेऊन निवडत. नाना निवडत दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून. गाडी कोपऱ्यावर दिसली की वरून आरोळी यायची, "डावीकडून तिसरं! देठाजवळ भोक आहे!"

"बठ्ठा माल चांगला शे, नाना!" भाजीवाली ओरडायची. "खाले या ना, हात लाईसन देखा!"

"हात खोटं बोलतो! पुरावा वरून दिसतो!"

नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. मी त्यांचा नवा भाडेकरू. त्यांच्या गळ्यात कायम दोन जुन्या दुर्बिणी, तळहातावर मावतील एवढ्या. एक जर्मन, एक जपानी. त्या ओझ्याने नानांची मान दोन इंच लांबली होती, हे मी शपथेवर सांगतो.

रोजच्या वापराला कोणती सरस, हा त्यांचा खटला. पोस्टमन, इस्त्रीवाला, पाचोऱ्याहून आमंत्रण द्यायला आलेले पाहुणे, जो येईल तो पंच. गल्लीच्या टोकाला केळीच्या व्यापाऱ्याची पाटी होती, ती दोन्हींतून वाचायची. जर्मनमधून पाटीवरची माशी पाय चोळताना दिसे. जपानी लावली की डावा डोळा जळगावात राही आणि उजवा पार धुळ्याच्या वाटेला लागे. सगळे जर्मनलाच मत देत.

"जपानी सरस!" नाना निकाल देत. "तुमच्या डोळ्यांत खोट!"

रेशनच्या साखरेचा डबा त्यांच्याच मांडीशी असे. जर्मनवाल्यांना चहा बिनसाखरेचा. आमच्या गल्लीतला मधुमेह त्यामुळेच आटोक्यात होता.

आणि जपानीच्या उजव्या भिंगाची कडी कुणी फिरवायची नाही. चुकून बोट लागलं तर नाना असे गरजत की तिकडे यावलला केळीचे घड गळत असावेत.

एका रविवारी ते चहा टाकायला आत गेले आणि मी कडी फिरवली. पाटी लख्ख!

"नाना, तुमची जपानी जिंकली!"

ते कपबशा घेऊन दारात उभे होते. गरजले नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरलो.

"किती फिरवलीस?"

"थोडीशीच."

"तुझ्या नानीच्या उजव्या डोळ्याच्या नंबराला लावलेली होती रे कडी. ती गेल्यापासून तशीच होती."

नानी यावलच्या. रोज सकाळी दोघं इथं बसून सातपुडा बघत. नानी जपानीतून माहेरची वाट शोधायच्या, नाना जर्मनमधून चुका काढायचे. खटला तेव्हापासूनचा.

मी कपबशा घेऊन दुर्बीण त्यांच्या हातात दिली. नानांनी डावा डोळा मिटला, उजवा पाटीवर रोखला आणि कडी केसाकेसाने फिरवू लागले. नानींच्या नंबरातून पाटी आपल्याला किती पुसट दिसते, हे त्यांना पाठ होतं.

"'व्यापारी' पार जायला पाहिजे... 'केळी' अर्धी..."

चहावर साय धरली. मग हात थांबला.

"जमलं. आता मला धड काही दिसत नाही."

त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "बोल. पुरावा बघून बोल."

मी बराच वेळ बघितलं. पाटी पुन्हा धुळ्याच्या वाटेवर होती.

"जपानी सरस," मी म्हणालो.

नानांनी साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.