तुळशीराम गुरुजींचा राहिलेला कंस

पनवेलच्या वीस आळ्यांत मिळून दोनशे चाळीस खड्डे तयार होते आणि गुरुवारी बैलगाडीतून रोपं उतरली ती फक्त पन्नास. दहा आंबे, चाळीस जांभळं.

"दुसरी गाडी मागून येतेय ना?" तुळशीराम गुरुजींनी विचारलं.

"मागं कोन नाय," गाडीवान म्हणाला आणि बैल वळवून चालता झाला.

त्रेपन्न सालचा वनमहोत्सव होता. दर आळीत दहा आंबे आणि दोन जांभळं लावायचं गुरुजींनीच ठरवलं होतं. मागणीची चिठ्ठी त्यांनी लिहिली आणि दारोदार फिरून खड्डेही त्यांनीच खणून घेतले. शाळेत गणित शिकवणारा माणूस; उदाहरण अर्धवट सोडणं त्यांना ठाऊक नव्हतं.

रात्रीतून खड्डे पावसाच्या पाण्यानं भरले. सकाळी पोस्टमन सायकलसकट एकात गेला. टांग्याचा घोडा आळीच्या तोंडाशीच अडून बसला. सोनाबाईंची शेळी तर दोनदा बाहेर काढावी लागली.

"गुरुजी, झाडं लावा, नाहीतर खड्डे बुजवा!" सोनाबाईंनी भर रस्त्यात बजावलं.

"रविवारी मामलेदार यायच्या आत एकही खड्डा रिकामा दिसणार नाही," गुरुजी म्हणाले आणि तडक सायकलीवरून तळोज्याला निघाले.

रोपवाटिकेचा मालक कमळाकर त्यांचाच जुना विद्यार्थी. गुरुजींनी चिखलानं माखलेले पाय आपटले. "अरे, मी मागितलं काय नि तू पाठवलंस काय?"

कमळाकरनं तारेला अडकवलेली चिठ्ठी काढून समोर धरली. '१० आंबे + २ जांभळे × २०.'

"बरोबर! दहा नि दोन बारा, बारा गुणिले वीस!"

"कंस कुठाय, गुरुजी?"

गुरुजी चिठ्ठीवर वाकले.

"कंस नसेल तर आधी गुणाकार, मग बेरीज. जांभळं झाली चाळीस, आंबे राहिले दहा. ह्याच चुकीसाठी तुम्ही मला सातवीत तासभर बाकावर उभं केलं होतंत."

गुरुजींनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग हळूच खिशातली पेन्सिल काढून दहाच्या आधी टेकवली. कमळाकरनं चिठ्ठी ओढून घेतली.

"पेपर जमा केल्यावर खाडाखोड नाही, गुरुजी!"

बाजूला खुरपत बसलेली ओवे गावची हौसा हे सगळं ऐकत होती. "कंस राहिला म्हनून एवरं भांडान? तो तं कवाच मेला!"

"हौसाबाई, एकशे नव्वद आंबे कमी पडलेत," गुरुजी म्हणाले. "आणि ह्याच्याकडची रोपं संपलीत."

"मंग शेवगा लावा. आमच्या बांधावर मोप हाय. फांदी तोडायची नि रोवायची."

शनिवारी गुरुजींनी ओव्याहून दोन गाड्या फांद्या आणल्या. खड्ड्यांतलं पाणी उपसलं, माती भरली आणि धोतर खोचून संध्याकाळपर्यंत एकूण एक फांदी रोवली. रविवारी मामलेदारांनी एका आंब्याला पाणी घातलं आणि ते चहा पिऊन गेले.

दुसऱ्या वर्षी शेवगे असे लगडले, की घरोघर आमटीत शेंगा. सोनाबाई मोठी जुडी घेऊन गुरुजींच्या दारात आल्या.

"आंब्यांची वाट बघत बसलो असतो तर म्हातारे झालो असतो. गुरुजी, किती पुढचा विचार केलात हो!"

"सोनाबाई, खरं सांगायचं तर त्या चिठ्ठीत माझा—"

"अहो," आतून गुरुजींच्या पत्नी चंद्रावतीबाई म्हणाल्या, "आधी शेंगा घ्या. मग बोला."

गुरुजींनी शेंगा घेतल्या. आणि मग बोलायचं राहूनच गेलं.