आईच्या फोनचे व्यवस्थापक

रविवारी सकाळी आईच्या फोनवर एक फोटो उघडायला चहा निवेपर्यंत वेळ लागला आणि तेवढ्यात रिमोटरावने ठरवून टाकलं, की आता घरातल्या सगळ्या फोनांचा कारभार आपण आपल्या हातात घ्यायचा. (घरातला एखादा माणूस कारभार हातात घेतो म्हणाला की बाकीच्यांनी सावध व्हावं, एवढं शहाणपण त्या घराला अजून आलेलं नव्हतं.)

रिमोटराव हे त्याला ऑफिसने दिलेलं नाव. मोठ्या कंपन्यांचे हजारो फोन असतात. सामान पोचवणाऱ्यांकडे, गोदामात, दुकानांच्या काउंटरवर. त्या फोनांवर कुठलं अॅप बसवायचं, कुठलं अपडेट करायचं आणि कुठलं काढून टाकायचं, हे सगळं एका जागी बसून करता येईल असा प्रोग्रॅम त्याच्या ऑफिसात तयार व्हायचा आणि त्यातला काढून टाकण्याचा भाग त्याने स्वतः लिहिला होता. त्या भागाचं त्याला भारी कौतुक. "मी काढलेलं अॅप जाताना आवाज करत नाही," तो पाहुण्यांना सांगायचा. "वापरणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही!" पाहुणे मान डोलवायचे आणि टेबलावरचा आपला फोन हळूच खिशात घालायचे.

तर त्या रविवारी त्याने ऑफिसच्या प्रोग्रॅमची चाचणीची प्रत तीन फोनांवर चढवली. एक त्याचा, एक बायकोचा, एक आईचा. प्रत्येक फोनने अदबीने विचारलं, 'या फोनचा ताबा व्यवस्थापकाकडे देण्यास आपली संमती आहे का?' रिमोटरावने तिन्ही ठिकाणी तितक्याच अदबीने 'आहे' दाबलं. बायको तेव्हा अंघोळीला गेली होती आणि आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला त्यांना त्रास द्यायचा?

मग तो सोफ्यावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन राज्य करायला बसला. आईच्या फोनवर उजेड पाडणारी चार अॅप्स निघाली. (फोनला उजेड मुळातच होता.) एक अॅप हवामान सांगायचं, पण भलत्याच गावाचं. एक कशासाठी आहे हे त्याचं त्यालाही माहीत नसावं. आता एकेक अॅप बघत बसणं हे त्याच्या धंद्यात कमीपणाचं. तिथे नियम लिहितात आणि मोकळे होतात. त्याने नियम लिहिला: दिवसाला दोन मिनिटांपेक्षा कमी वापर असेल ते अॅप अडगळ समजावं. बटण दाबलं. आईचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर पडला होता, त्याने हूं की चूं केलं नाही. रिमोटरावला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

रविवारचा संध्याकाळचा चहा पाहुण्यांच्या गडबडीतच झाला. सोमवारी संध्याकाळी आई चहाचा कप घेऊन नेहमीच्या खुर्चीत बसली. बराच वेळ झाला तरी चहा तसाच.

"अरे, इथं माझं लुडो होतं."

"लुडो?" रिमोटराव म्हणाला. "अपडेट झालं असेल."

"अपडेट झालं की वस्तू जाते?"

"कधी कधी जाते." (खोटं बोलताना तो फार तांत्रिक चेहरा करतो.) "दे इकडे, आणून देतो परत."

बसवायला त्याला कितीसा वेळ लागणार? लुडो परत आलं, पण नुकतं जन्मल्यासारखं. 'आपलं स्वागत आहे! आपलं नाव लिहा!' आईने आधी कधी नाव किंवा पासवर्ड दिलाच नव्हता, त्यामुळे अॅपबरोबर तिचा चालू डावही गेला होता. तिने फोन पाहिला, उलटा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे." चहा तिने मोरीत ओतला.

आईने चहा ओतून दिला म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. बायको दवाखान्यातून आली तसं त्याने तिला एका बाजूला घेतलं. ती दातांची डॉक्टर, लोकांना बोलतं करण्यापेक्षा गप्प बसवण्याची तिला जास्त सवय. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कोणाशी खेळायच्या त्या, माहितीये तुला?"

"कॉम्प्युटरशी?"

"तुझ्या मावशीशी."

रिमोटराव खुर्चीवर बसला. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मावशीला उगीच काळजी नको म्हणून आईने कळवलंच नाही. मावशीला ते कळलं तिसऱ्याच माणसाकडून. 'मी मेले होते का?' असं तिने फोनवर विचारलं, आईनेही काहीतरी ताडकन उत्तर दिलं आणि त्यानंतर दोघींमध्ये फोन नाही, पत्र नाही, येणंजाणं नाही. मग दोन वर्षांपूर्वी त्या लुडोने आपणहूनच आईला विचारलं होतं, 'तुमच्या ओळखीचं कोणीतरी खेळत आहे. खेळणार?' आई हो म्हणाली होती. तिकडे मावशीही हो म्हणाली होती.

"रोज चहाच्या वेळी एक चाल," बायको म्हणाली. "मग दिवसभर तिच्या चालीची वाट बघायची."

एक सोंगटी हलवायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं नक्कीच लागत नाहीत.

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का? मीही काढते रे रोज. पण आधी तोंड उघडायला सांगते, कुठला दुखतोय ते विचारते. तू भूल न देता, झोपलेल्या माणसाचा, तोही शेजारचा दात काढलास."

त्याने आईपाशी जाऊन सुचवलं, "मावशीला फोन करून सांग ना, चुकून गेलं म्हणून."

"सहा वर्षांनी पहिला फोन करू, आणि त्यात काय सांगू? लुडो गेलं?" आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "परवा तिला माझी सोंगटी मारता येत होती. घराच्या तोंडाशी आली होती माझी. तिनं मारली नाही. दोन वर्षांत एकदाही सोडली नव्हती रे तिनं. माझी चाल होती आता."

आपणच काढलं हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि जांभई दिली.

त्याने मग धंद्यातल्या माणसाचा मार्ग धरला. लुडो बनवणाऱ्या कंपनीला कळवळून लिहिलं: एका वृद्ध आईचा डाव आहे, तुमच्याकडे त्याची नक्कल असेल, कृपा करून परत द्या. उत्तर लगेच आलं. एवढ्या लगेच माणूस उत्तर देत नाही. 'सदर खेळ आपल्या फोनच्या व्यवस्थापकाने काढून टाकला आहे. कृपया व्यवस्थापकांशी संपर्क साधावा. ते आपल्याला नक्की मदत करतील.'

आजवर त्याने किती फोनांवरून किती काय काढलं होतं, त्याची गणती नव्हती. त्या प्रत्येक फोनच्या मागे कोणीतरी चहा निववत बसलं असेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पत्ता लागत नाही याचा त्याला अभिमान होता, आणि पत्ता तर त्याचा त्यालाच लागलेला नव्हता. त्याला लाज वाटली. अगदी कानाच्या पाळ्या गरम होण्याइतकी वाटली. पण आईला सांगण्याइतकी काही वाटली नाही.

गुरुवारी तो घरूनच काम करत होता. दुपारी बेल वाजली. दारात मावशी. हातात पिशवी, केस विस्कटलेले, दम लागलेला.

"आधी सांग, कुठल्या हॉस्पिटलात आहे ती?"

"हॉस्पिटलात? भाजी निवडतेय ती."

मावशी त्याला बाजूला सारून आत गेली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"आजारी नाहीस?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मग डाव टाकून उठलीस कशाला?"

"मी नाही उठले. आपोआप गेलं ते."

"आपोआप! ऑपरेशनही आपोआपच झालं होतं तुझं." मावशीचा आवाज चढला. "काल माझ्या फोनवर फटाके फुटले, ठाऊक आहे? 'समोरचा खेळाडू सोडून गेला. अभिनंदन, तुम्ही जिंकलात!' मला जिंकायचं होतं का? सोंगटी सोडली होती मी तुझी."

"पाहिलं होतं मी."

"मग?"

"मग काय. मीही सोडणार होते तुझी."

"माझी कुठं येत होती तुला मारायला?"

"येत होती. तुला दिसली नाही. तुला कधीच दिसायची नाही."

मावशी हसायला गेली आणि एकदम रडायलाच लागली. "मला वाटलं, पुन्हा तुला काहीतरी झालंय, आणि पुन्हा मला कोणी सांगणार नाही. म्हटलं, या वेळी सांगायची वाट बघायचीच नाही. निघालेच." आईने तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि मग पिशवी हातात तशीच धरून तीही रडली. रिमोटराव चहा टाकायला पळाला.

चहा घेऊन तो बाहेर आला तेव्हा दोघी हसत होत्या. बायकोही दवाखान्यातून लवकर येऊन त्यांच्यात बसली होती.

"ज्या कुणी तो खेळ काढला ना," मावशी डोळे पुसत म्हणाली, "त्याचं भलं होवो. तो नसता तर आम्ही दोघी आणखी दहा वर्षं सोंगट्याच ढकलत बसलो असतो."

इथे दुसरा एखादा माणूस चहा ठेवून गुमान निघून गेला असता. पण आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या कामाला आशीर्वाद देत होतं.

"मीच काढला," रिमोटराव म्हणाला. आणि तेवढ्यावर न थांबता नियमही समजावून सांगितला, दोन मिनिटांसकट.

आईने कप खाली ठेवला. "तू अपडेट म्हणाला होतास."

"म्हणजे, तसं एका अर्थी..."

"न विचारता परस्पर करायचं आणि वर दडवून ठेवायचं," मावशी आईकडे वळून म्हणाली. "कुठून आलं हे याच्यात, सांगू?"

आईचा चेहरा लाल झाला. सहा वर्षांचा अबोला मोडून तासही झाला नव्हता आणि आता पुन्हा तो धरला जाणार, तोही रिमोटरावपायी.

"माझ्याकडून नाही आलेलं," आई सावकाश म्हणाली. "त्याच्या बापाकडून आलंय."

मावशीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हो गं. भावोजी असेच होते. चांगले होते बिचारे, पण अक्कल जरा बेताचीच."

"बेताचीच," आई म्हणाली.

"मला काही बोलायचं नाही," बायको म्हणाली आणि मान मात्र जोरात हलवली.

सहा वर्षांनी दोघी बहिणींचं कशावर तरी एकमत झालं होतं. रिमोटराव वडिलांसाठी आणि स्वतःसाठी भांडायच्या बेतात होता, पण त्याने दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि बेत सोडला.

"अगदी बेताची," तो म्हणाला. "साखर अजून हवी का कोणाला?"

"बघ," मावशी आईला म्हणाली, "निदान हे तरी विचारलं."